आभाळाला ठिगळ

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात आई फॉल-पिकोचं काम करायची. कुणी जुनी साडी आणली की मशीनवर घेण्याआधी ती काठाजवळचं कापड दोन्ही अंगठ्यांत धरून आडवं ताणायची. बारीक 'कर्र' असा आवाज आला की साडी तशीच घडी घालून परत. "कापड विरलंय हो वहिनी, टाका धरायचं नाही. शिवलं तर शिवणीच्या कडेनं फाटेल." गिऱ्हाईक लग्नघरचं असो की उद्या गावाला निघालेलं असो, तिचा निर्णय बदलत नसे.

'आर-१०१' या ब्रिटिश हवाई जहाजाची हकिगत वाचताना मला दर वेळी ते अंगठे आठवतात. तेव्हाच्या जगातलं सर्वांत मोठं हवाई जहाज इंग्लंडहून कराचीला निघालं होतं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. जहाजात बसलेले हवाई मंत्री लॉर्ड थॉमसन १८७५ साली आपल्या नाशिकला जन्मलेले. शनिवारी, ४ ऑक्टोबर १९३० रोजी संध्याकाळी ते निघालं, आणि पुण्यात रविवार सकाळचे सात एकोणचाळीस होईतो फ्रान्समधल्या एका टेकडीवर त्याचा नुसता सांगाडा जळत होता. ५४ माणसांपैकी ४८ गेली.

वाऱ्यापावसाची ती रात्र पुष्कळांनी सांगितली आहे. मला कारखान्यापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण फाटलेलं कापड त्या रात्री विरलं नव्हतं. (वेळा ग्रिनिचच्या आहेत. साडेपाच तास मिळवले की पुण्याची वेळ.)

सहा वर्षं आधी

१९२४ साली ब्रिटनमधल्या मजूर पक्षाच्या सरकारनं साम्राज्याची टोकं हवाई जहाजांनी जोडायचं ठरवलं. बोटीनं मुंबई गाठायला दोनेक आठवडे लागत. हवाई जहाज इजिप्तमध्ये एक थांबा घेऊन पाचेक दिवसांत कराचीला पोचेल असा अंदाज होता. दोन जहाजं बांधायची ठरली. 'आर-१००' व्हिकर्स कंपनीनं यॉर्कशायरमधल्या हाऊडनला, आणि 'आर-१०१' सरकारनं स्वतः, बेडफर्डजवळच्या कार्डिंग्टनला. थॉमसन यांचा या योजनेवर इतका जीव की सरदारकी मिळाली तेव्हा त्यांनी गावाचं नाव घेतलं तेही कार्डिंग्टनचंच.

कार्डिंग्टनचा कारखाना पहिल्या महायुद्धात शॉर्ट बंधूंनी उभारला. कामगारांसाठी समोरच वसाहत बांधली, तिचं नाव शॉर्टस्टाउन. पुढे कारखाना सरकारनं घेतला. १९२१ साली 'आर-३८' हे जहाज हल शहरावर मोडून पडलं, ४४ माणसं दगावली, आणि कारखान्याला टाळं लागलं. नव्या योजनेनं ते उघडलं, म्हणजे शॉर्टस्टाउनच्या चुली पुन्हा पेटल्या. तिथल्या माणसांना हे जहाज किती आपलं वाटत असेल, हे गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

सांगाडा पोलाद आणि ड्युरॅल्युमिनचा. त्याचे भाग नॉर्विचच्या बोल्टन अँड पॉल कारखान्यातून तयार होऊन येत आणि कार्डिंग्टनच्या शेडमध्ये जोडले जात. सांगाड्याच्या आत हायड्रोजनच्या पंधरा पिशव्या, बाहेरून लिननच्या कापडाचं आवरण. लांबी सातशे तीस फुटांच्या वर.

आता त्या पिशव्या. हायड्रोजन साध्या कापडातून पाझरतो. त्याला अडवायला तेव्हा सर्वांत भरवशाची वस्तू होती बैलाच्या आतड्यावरची पातळ त्वचा. सोन्याचा वर्ख कुटताना पानांच्या मध्ये जी त्वचा घालतात, तीच ही. मिठाईवरचा वर्ख आपण बोटानं उचलायचो तेव्हा त्यामागे हे असं काही असे, याची आपल्याला कल्पना नसायची. कत्तलखान्यांतून ही आतडी मिठात घालून पिंपांतून येत, पुष्कळशी थेट अमेरिकेतून. पिंप उघडलं की काम बायकांचं. लांबच लांब टेबलं, ओले हात, अंगावर डगला, डोक्याला टोपी. प्रत्येक तुकडा धुवायचा, बोथट सुरीनं त्यावरची चरबी खरवडायची, आणि भोक पडू द्यायचं नाही. तुकडा हातभर लांब, वीतभर रुंद. वाळला तर पापडासारखा तुटतो म्हणून सतत ओला ठेवायचा. मग एकाच्या कडेवर दुसऱ्याची कड चढवत ते तुकडे सुती कापडावर चिकटवत जायचं. अशी एकेक वीत करत दहा मजली इमारतीएवढी पिशवी तयार व्हायची. खरवडताना सुरी किती दाबायची हे कुठल्याही नकाशात लिहिलेलं नव्हतं, ते त्या बायकांच्या मनगटात होतं. जगातलं सर्वांत मोठं जहाज त्यांच्या मनगटांवर तरंगणार होतं.

बाहेरच्या कापडाची कथा वेगळी. लिनन ताणून त्यावर 'डोप' नावाचं रोगण लावत. त्यानं कापड आक्रसतं, ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं, पाणी धरत नाही. या रोगणाच्या वाफा वाईट. महायुद्धाच्या पहिल्या वर्षांत विमानांच्या कारखान्यांत वापरलेल्या एका प्रकारच्या डोपनं कामगारांना, विशेषतः बायकांना, कावीळ होऊन काही जीव गेले. नंतर ते द्रावण बंद करावं लागलं. विमानांच्या पहिल्या पिढीची चित्रं आपण चामडी टोपी घातलेल्या वैमानिकांची पाहतो. पंखांना रोगण लावणाऱ्यांच्या पिवळ्या पडलेल्या डोळ्यांची चित्रं कुणी काढली नाहीत.

'आर-१०१'च्या बहुतेक कापडाला रोगण लावलं ते सांगाड्यावर ताणण्याआधीच. काम सोपं झालं, आणि कापड महिन्यांतच ठिसूळ होऊ लागलं.

१०४ दिवस आधी: २३ जून १९३०

जहाज कार्डिंग्टनच्या खांबाला नुसतं बांधलेलं असताना वाऱ्यानं आवरण १४० फूट फाटलं. कारागिरांनी वर चढून शिवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी फाटलं. मग बहुतेक आवरण बदलायचं ठरलं. बहुतेक, सगळं नव्हे. नाकाजवळचा काही भाग जुनाच ठेवला आणि आतून पट्ट्या चिकटवून त्याला बळकटी दिली. चिकटवायला घेतलं रबराचं द्रावण. रबराची आणि जुन्या डोपची गाठ पडली की कापड आणखी कुजतं, हे त्याच सुमारास ध्यानात आलं. काही पट्ट्या काढल्या, काही राहिल्या.

हे वाचताना आईचा आवाज कानात येतो. टाका धरायचं नाही.

९४ दिवस आधी: ३ जुलै

कार्डिंग्टनला तपासणीचं काम मॅकवेड नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं. जहाजाची वजन उचलण्याची ताकद अपेक्षेहून फार कमी भरली होती, साठेक टनांच्या जागी ३५. ती वाढावी म्हणून पिशव्यांभोवतीच्या जाळ्या सैल सोडल्या. पिशव्या फुगल्या, हेलकावे खाऊ लागल्या, आणि सांगाड्याच्या तुळयांवर, रिव्हेटांवर घासू लागल्या. बायकांनी वीत-वीत जोडलेली ती त्वचा जागोजागी खरचटून भोकं पडली. उपाय म्हणून प्रत्येक टोचणाऱ्या जागी कापडाच्या गाद्या बांधल्या. अशा हजारो गाद्या.

मॅकवेड यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं की गाद्या बांधणं हा उपाय नव्हे, घासण्याच्या जागा अगणित आहेत, आणि या अवस्थेत उड्डाणाच्या परवान्याची मुदत वाढवण्याची शिफारस मी करू शकत नाही. ते पत्र फिरून आलं कुठे, तर ज्यांच्या कामाबद्दल ते होतं त्याच कार्डिंग्टनच्या संचालकांकडे, कोलमोर यांच्याकडे. गाद्यांनी भागेल, असं उत्तर गेलं.

मॅकवेड यांचं नाव विमानविद्येच्या इतिहासात आणखी मोठ्या अक्षरांत असायला हवं होतं, असं मला वाटतं.

त्याच महिन्यात कामगारांनी जहाज मधोमध दोन तुकड्यांत सोडवलं आणि मध्ये एक जादा भाग घातला, एक सोळावी पिशवी. लांबी ७७७ फूट झाली. तिकडे हाऊडनचं 'आर-१००' कॅनडाला जाऊन सुखरूप परतलं. आता मागे राहणं सरकारी जहाजाला परवडणारं नव्हतं. लंडनला साम्राज्य परिषद भरत होती आणि भारताची फेरी करून २० ऑक्टोबरपर्यंत परत यायचं, असं थॉमसन यांच्या मनात होतं. तारीख वरून खाली आली आणि कामाच्या दिवसांची मोजणी तिच्यावरून सुरू झाली.

आमच्या पेठेला ही उलटी मोजणी ठाऊक आहे. पानशेत धरणाचं काम अपुरं असतानाच १९६१च्या पावसाळ्यात त्यात पाणी अडवलं. ११ जुलैच्या रात्री जवान आणि मजूर भर पावसात वाळूची पोती रचत होते. १२ जुलैला सकाळी धरण फुटलं, आणि ओंकारेश्वर बुडवून पाणी आमच्या बोळांत शिरलं. आमच्या जिन्याच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ कितीतरी वर्षं होती. आजी तिच्यावर रंगाचा हात फिरवू द्यायची नाही. पोती रचणाऱ्यांना बांध सरकतोय हे हाताला कळत होतं. गावात मात्र सकाळचा चहा चालू होता.

चार दिवस आधी

१ ऑक्टोबरला जहाज शेडबाहेर निघालं आणि जवळजवळ सतरा तासांचं एकच चाचणी-उड्डाण झालं, शांत हवेत. एका इंजिनाचा तेल थंड करणारा भाग बिघडला, म्हणून पूर्ण वेगाची चाचणी राहून गेली. वादळी हवेत हे जहाज कधीच उडालेलं नव्हतं. २ तारखेला उड्डाणयोग्यतेचा दाखला मिळाला.

शनिवार, ४ ऑक्टोबर

पुण्यात दसरा होऊन गेला होता, कोजागिरी तोंडावर आली होती. नदीपलीकडे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी होते. त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीनं निघाले आणि दोन आठवड्यांनी लंडनला पोचले. हे दोन प्रवास एकाच तारखेचे, एक इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे.

कार्डिंग्टनला सकाळपासून पिशव्यांत गॅस भरणं, इंधन, पाणी, शिधा. वजनाचा शेर-अदपावापर्यंत हिशेब. आधीच्या महिन्यांत काही खोल्या आणि काचासुद्धा काढून टाकल्या होत्या. दुपारनंतर मंत्र्यांचं सामान आलं. त्यात वाटेत इजिप्तला द्यायच्या मेजवानीसाठी एक इराणी गालिचाही होता.

१८.३६. उरले सात तास तेहतीस मिनिटं

अंधार, पाऊस. २०२ फुटी खांबावरून जहाज सुटलं. मैदानात मोटारींचे दिवे, शॉर्टस्टाउनची बायकामुलं हात हलवत उभी. नाक खाली झुकू लागलं म्हणून निघतानाच चार टन पाणी सोडून द्यावं लागलं. कप्तान अर्विन, सोबत मुख्य रचनाकार रिचमंड, संचालक कोलमोर, मेजर स्कॉट, नागरी विमानवाहतुकीचे प्रमुख सर सेफ्टन ब्रँकर, हवामानतज्ज्ञ गिब्लेट. ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या, त्यांतले बरेचसे स्वतः जहाजात होते. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. आपल्या कामावर विश्वास होता म्हणूनच ते चढले.

२०.२१

लंडनवरून बिनतारी संदेश: सर्व ठीक, मध्यम पाऊस. थोड्याच वेळात नवा अंदाज आला, उत्तर फ्रान्सवर ताशी ४० ते ५० मैलांचा वारा. मागे फिरायचा निर्णय झाला नाही.

२१.३५

हेस्टिंग्जजवळ किनारा ओलांडला. शेपटाकडचं इंजिन तेलाच्या दाबामुळे कधीच बंद पडलं होतं. त्या टांगत्या लोखंडी खोलीत, खाली समुद्र आणि शेजारी बंद यंत्र, फोरमन लीच आणि इंजिनवाले हातांनी उलगडून दुरुस्ती करत होते. जहाज इतकं खाली आलं होतं की लाटांचा फेस दिसत होता. वर चढवण्यासाठी ॲथरस्टोन या अधिकाऱ्यानं स्वतः चाक हातात घेतलं. रात्री अकराच्या सुमारास इंजिन पुन्हा चालू झालं.

मध्यरात्र. उरले दोन तास

फ्रान्सचा किनारा मागे पडला होता. शेवटचा मोठा संदेश निघाला: उत्तम जेवणानंतर पाहुण्यांनी शेवटचा चिरूट ओढला आणि ते झोपायला गेले, यंत्रणा सुरळीत, कर्मचारी पाळीला लागले.

पावसानं आवरण भिजून जड झालं होतं. नाकाजवळ, जिथे जुनं कापड होतं तिथेच, वारा सर्वांत जोरात आपटत होता.

०२.००

पाळी बदलली. शेपटाकडच्या इंजिनावर बेल होता, त्याला सोडवायला बिंक्स यायचा होता. त्याला झोप लागली होती, काही मिनिटं उशीर झाला. बेल त्याच्याशी बोलत तिथेच थांबला. बिंक्सला बाहेर अंधारात एका मोठ्या इमारतीचं छप्पर अगदी जवळून सरकताना दिसलं. बोव्हे शहराचं कॅथेड्रल असावं.

०२.०७

जहाजानं नाक खाली घातलं. लीच धूम्रपानाच्या खोलीत बसला होता. टेबलावरचे पेले सरकत खाली गेले. जहाज सावरलं. इंजिनांना वेग कमी करण्याची घंटा आली. चर्च नावाच्या रिगरला, म्हणजे पिशव्या-आवरण सांभाळणाऱ्या कामगाराला, नाकाकडचं पाणी सोडायला पाठवलं. सुकाणूवाला हंट कर्मचाऱ्यांच्या खोल्यांतून जाता जाता सगळ्यांना जागं करत गेला, आपण खाली आलोय म्हणत. आणि नाक दुसऱ्यांदा खाली गेलं.

०२.०९

अलोन गावाजवळच्या टेकडीला नाक टेकलं. वेग सायकलस्वाराच्या वेगाएवढा असेल. टेकलं तेव्हा कुणी मेलं नसतं. मग हायड्रोजन पेटला.

लीच भिंत फोडून बाहेर पडला आणि इतरांना ओढायला पुन्हा आगीत शिरला. बेल आणि बिंक्स यांच्या खोलीवरची पाण्याची टाकी फुटली, त्या पाण्यानं दोघं वाचले. उशीर झाला नसता तर बेल बिछान्यात असता. वाचलेले सहा: लीच, बेल, बिंक्स, सॅव्हरी, कुक आणि वायरलेस आणि विजेचं काम पाहणारा डिस्ली. पाच इंजिनवाले आणि एक विजेचा माणूस. आणखी दोघे, चर्च आणि रॅडक्लिफ, आगीतून बाहेर आले आणि नंतर गेले.

पुण्यात रविवार उजाडला होता. शॉर्टस्टाउनला अजून अंधार होता, आणि बातमी तारेनं येत होती.

नंतर

चौकशी सर जॉन सायमन यांच्याकडे आली. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्यासमोर देशभर काळी निशाणं नाचली, तेच सायमन. १९३१च्या अहवालात त्यांनी लिहिलं की नाकाकडच्या पिशव्यांतून गॅस गेला, आणि तो बहुधा तिथलं आवरण फाटल्यामुळे. हेही लिहिलं की राजकीय धोरणाची निकड नसती तर जहाज त्या संध्याकाळी निघालंच नसतं. मॅकवेड यांचं पत्र त्या चौकशीत सगळ्यांसमोर आलं. कॅनडाला जाऊन आलेलं 'आर-१००' मोडीत निघालं. कराचीला बांधलेल्या अवाढव्य शेडमध्ये एकही हवाई जहाज कधी आलं नाही. लोक तिला 'काळा छपरा' म्हणत.

११ ऑक्टोबरला ४८ शवपेट्या कार्डिंग्टनला एकाच मोठ्या थडग्यात उतरवल्या. अनेकांची ओळखच पटली नव्हती. मंत्री कोणता आणि रिगर कोणता हे सांगता येत नव्हतं. थडग्यासमोर गावचं चर्च आहे. सांगाडा जळाला तरी शेपूट उभं राहिलं होतं आणि त्यावरचं निशाण वाचलं होतं. कडेला होरपळलेलं ते कापड त्या चर्चच्या भिंतीवर अजून टांगलेलं आहे.